फुप्फुसाचा कर्करोग : लक्ष्यवेधी औषधे आणि जनुकांतील जोडदोष



फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान कानी पडले की घरातील माणसांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा : ‘पण यांनी तर आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही !’ निर्व्यसनी कुटुंबांत हा उद्गार हमखास ऐकू येतो, आणि तो खोटा नसतो. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, याविषयी वाद नाही. तथापि आशिया खंडातील रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, जन्मभर धूम्रपान न केलेल्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णांच्या गाठीत पुष्कळदा एक विशिष्ट जनुकीय दोष आढळतो आणि त्या दोषावर नेमके काम करणारी गोळी आज उपलब्ध आहे. डॉक्टर म्हणतात, ‘रिपोर्ट अनुकूल आहे, गोळी लागू पडेल.’ आठ-पंधरा दिवसांच्या घालमेलीनंतर घराला प्रथमच थोडा श्वास घ्यायला मिळतो.

त्याच रिपोर्टाचे दुसरे पान मात्र सहसा कोणी उलगडून सांगत नाही. पहिल्या पानावर ‘ईजीएफआर’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. दुसऱ्या पानावर बारीक टाइपात ‘टीपी ५३’, ‘आरबी १’, ‘एसटीके ११’, ‘कीप १’ अशी नावे असतात. समजा, एकाच गावातील दोन भगिनींना एकाच महिन्यात एकच गोळी सुरू झाली. एकीचा आजार तीन वर्षे शांत राहिला, दुसरीचा आठव्या महिन्यात उसळला. ‘हिचे पथ्य चुकले’, ‘तिचे औषध बनावट निघाले’ असे तर्क मग लढवले जातात. प्रत्यक्षात कारण बऱ्याचदा त्या दुसऱ्या पानावर लिहिलेले असते. आजचा विषय त्या दुसऱ्या पानाचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात : लहान पेशींचा आणि लहान पेशींव्यतिरिक्तचा. शंभरातील सुमारे ८५ रुग्ण दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि त्यातही ‘अॅडिनोकार्सिनोमा’ नावाचा उपप्रकार सर्वाधिक आढळतो. लक्ष्यवेधी औषधांची बहुतेक सारी कथा याच उपप्रकाराभोवती फिरते.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केलेला बरा. ‘जनुकीय दोष’ हा शब्द ऐकताच घरच्यांच्या मनात मुलाबाळांची काळजी उभी राहते. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर रिपोर्ट कपाटात दडवला जातो. परंतु हे दोष आई-वडिलांकडून आलेले नसतात आणि अपवादात्मक घराणी वगळता मुलांकडे जातही नाहीत. ते त्या गाठीतील पेशींत, आयुष्याच्या ओघात निर्माण झालेले असतात. रुग्णाच्या रक्तामांसाच्या इतर पेशींत ते नसतात. तेव्हा लपवाछपवीला शास्त्राचा आधार नाही.

पेशीच्या वाढीचे शास्त्र उलगडण्याची कथा मोठी रंजक आहे. अमेरिकेतील स्टॅन्ली कोहेन हे शास्त्रज्ञ उंदरांच्या लाळग्रंथीतील अर्कावर प्रयोग करीत होते. तो अर्क टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात, दातही लवकर येतात, असे त्यांच्या लक्षात आले. त्या अर्कात त्वचेच्या पेशींना वाढीस प्रवृत्त करणारा एक घटक होता. या शोधमालिकेबद्दल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा वाढीचा घटक पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनाला येऊन चिकटतो, ते प्रथिन म्हणजे ईजीएफआर. दुकानाच्या दाराशी घंटा असते. गिऱ्हाईक आले की वाजते आणि आतील नोकर उठतो. ईजीएफआर ही तशीच घंटा आहे. वाढीचा घटक आला की ती वाजते आणि पेशी विभागू लागते. कर्करोगात या घंटेचे बटण आत दाबलेले अडकून राहते. गिऱ्हाईक नाही, तरी घंटा अखंड वाजत राहते आणि पेशी विभागतच जातात.

हे बटण अडकण्याच्या दोन तऱ्हा सर्वाधिक आढळतात. एकीत जनुकाच्या १९ व्या खंडातील काही अक्षरे गळालेली असतात. दुसरीत २१ व्या खंडात एका अक्षराची अदलाबदल झालेली असते. ईजीएफआर दोषांपैकी ८५ ते ९० टक्के दोष या दोन तऱ्हांचे असतात.

जेफिटिनिब ही गोळी या घंटेची तार तोडण्यासाठी तयार झाली. जपानने तिला २००२ साली मान्यता दिली, अमेरिकेने २००३ साली. परंतु पहिली काही वर्षे सारा गोंधळ होता. काही रुग्णांच्या छातीतील गाठी काही आठवड्यांत विरघळल्यासारख्या दिसत, तर बहुसंख्यांना काडीचाही उपयोग होत नसे. १,६९२ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत आयुर्मान ठोसपणे वाढल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, तेव्हा २००५ साली अमेरिकेने या गोळीच्या वापरावर कडक मर्यादा घातली. म्हणजे हाती हिरा असूनही तो कोणाच्या अंगठीत बसवायचा, हे कळत नव्हते.

त्याचे उत्तर खरे तर २००४ सालीच सापडले होते. बॉस्टनमधील दोन आणि न्यूयॉर्कमधील एका संशोधन गटाने जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की, ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा दोष आहे त्यांनाच ही गोळी लागू पडते. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या गटाने गोळीचा उत्तम गुण आलेल्या ९ रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यांपैकी ८ जणांत दोष निघाला. गुण न आलेल्या ७ जणांपैकी एकातही तो नव्हता. आकडे लहान होते, पण फरक डोळ्यांत भरणारा होता.

मग २००९ साली पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांच्या ‘आयपास’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि शंकेला जागा उरली नाही. दोष असलेल्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांना गोळीचा गुण आला. केमोथेरपीचा गुण ४७ टक्क्यांना आला. दोष नसलेल्यांत मात्र गोळीचा गुण जेमतेम १ टक्का रुग्णांना आला, तर केमोथेरपीचा २३ टक्क्यांहून अधिक रुग्णांना. तीच गोळी एकाला संजीवनी ठरते आणि दुसऱ्याचे मोलाचे महिने वाया घालवते. ‘अमक्याला त्या गोळीने बरे वाटले, आपणही आणून देऊ’ असे म्हणणाऱ्या हितचिंतकांनी हे चार आकडे जवळ ठेवावेत.

आपल्या देशातील चित्र काय आहे ? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ९०७ भारतीय रुग्णांच्या अॅडिनोकार्सिनोमाची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचा दोष आढळला. युरोप-अमेरिकेतील गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असते आणि पूर्व आशियात ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. भारत मधोमध आहे.

याच रुग्णालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा उल्लेख जगभर होतो, आणि तो परळच्या इमारतीत झालेला असल्यामुळे येथे आवर्जून करायला हवा. ईजीएफआर दोष असलेले ३५० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला केवळ जेफिटिनिब, दुसऱ्याला जेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. केवळ गोळीवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिने निघाला, तर जोड उपचारावर तो १६ महिने, म्हणजे नेमका दुप्पट. किंमतही मोजावी लागली : तीव्र स्वरूपाचे दुष्परिणाम एका गटात २५ टक्के, तर दुसऱ्यात ५१ टक्के रुग्णांना झाले. परदेशी कंपनीचे महागडे नवे औषध न घेता, भारतात स्वस्त मिळणाऱ्या जुन्या औषधांचीच मोट बांधून हा परिणाम साधला गेला, हे त्याचे खरे महत्त्व.

‘मध्यक’ या शब्दावर क्षणभर थांबणे आवश्यक आहे, कारण घरोघरी त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. मध्यक ८ महिने म्हणजे प्रत्येकाला ८ महिने, असे नव्हे, सरासरीही नव्हे. सर्व रुग्णांना काळाच्या क्रमाने रांगेत उभे केले तर मधोमध उभा असलेल्याचा आकडा ८ महिने आहे. निम्म्यांचा काळ त्याहून कमी, निम्म्यांचा अधिक. रांगेच्या एका टोकाला दोन महिनेवाले असतात आणि दुसऱ्या टोकाला पाच वर्षेवाले. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करून ठेवणारी कुटुंबे आहेत. तसे करू नये. प्रश्न विचारायचा तो असा, की हा रुग्ण रांगेच्या कोणत्या टोकाजवळ असण्याची शक्यता अधिक, आणि कशामुळे ?

पहिल्या पिढीच्या गोळ्यांविरुद्ध गाठ प्रतिकार कसा उभा करते, हे काही वर्षांतच उलगडले. निम्म्याहून अधिक रुग्णांत ईजीएफआरच्याच जनुकात ‘टी ७९० एम’ नावाचा नवा बदल होतो आणि जुनी गोळी तिथे चिकटेनाशी होते. त्यावर उतारा म्हणून ओसिमर्टिनिब आले. अमेरिकेने त्याला २०१५ साली मान्यता दिली. पुढे ५५६ रुग्णांच्या ‘फ्लॉरा’ चाचणीत ते प्रथमपासूनच दिले गेले. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १८.९ महिने निघाला, जुन्या गोळ्यांवर तो १०.२ महिने होता. एकूण आयुर्मानाचा मध्यक ३८.६ महिने विरुद्ध ३१.८ महिने. हे औषध मेंदूपर्यंत चांगले पोहोचते, हा आणखी एक मोठा लाभ. कारण हा कर्करोग मेंदूत पसरण्याची खोड बाळगून असतो.

येथवरची कथा ‘एक दोष, एक गोळी’ अशी सरळ आहे. पण निसर्ग इतका सरळ हिशेब ठेवत नाही. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी ईजीएफआर दोष असलेल्या प्रगत अवस्थेतील कर्करोगाचे १,१२२ रक्तनमुने बारकाईने तपासले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक नमुन्यांत ईजीएफआरच्या सोबतीला आणखी किमान एक जनुकीय बदल आढळला. म्हणजे ज्याला एकच दोष म्हणून ओळखले जात होते, तो बहुतेकदा एकटा नव्हताच. मराठीत अशा सोबतच्या दोषांना ‘जोडदोष’ म्हणता येईल.

या जोडदोषांत अग्रक्रम टीपी ५३ चा. ईजीएफआर दोष असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो सापडतो. या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचा शोध १९७९ साली लागला आणि १९९२ साली डेव्हिड लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला ‘जनुकसंचाचा पहारेकरी’ असे सार्थ नाव दिले. पेशीच्या जनुकांत बिघाड दिसला की हा पहारेकरी विभाजन थांबवतो, दुरुस्तीला अवधी देतो. आणि दुरुस्ती होणार नसेल तर पेशीला स्वतःचा अंत करायला लावतो. लक्ष्यवेधी गोळीचा गुण येतो तो काही अंशी याच यंत्रणेच्या जोरावर. गोळी घंटा बंद करते, वाढीचा आधार तुटलेली पेशी संकटात सापडते आणि आत्मनाशाच्या वाटेने जाते. पहारेकरीच निकामी असेल तर दोन गोष्टी होतात. संकटातली पेशी मरता मरता वाचते. आणि तिच्या जनुकांत नवनवे बिघाड बिनबोभाट साचत जातात. त्या बिघाडांपैकी एखादा गोळीला दाद न देणारा निघतो आणि त्याच पेशीचा वंश पुढे वाढतो.

परिणाम किती मोठा असतो, याचा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका पाहणीवरून येतो. ईजीएफआर दोषाचे ८६३ रुग्ण पाहण्यात आले. टीपी ५३ आणि आरबी १ ही दोन्ही जनुके शाबूत असलेल्यांची गोळी सुरू राहण्याचा मध्यक काळ छत्तीस महिन्यांच्या वर होता. टीपी ५३ बिघडलेल्यांत तो बारा महिन्यांच्या थोडा पुढे आला. दोन्ही बिघडलेल्यांत, म्हणजे सुमारे ५ टक्के रुग्णांत, तो साडेनऊ महिन्यांवर घसरला. पहिल्या पानावर तिन्ही गटांचा रिपोर्ट अगदी सारखा दिसला असता.

आरबी १ हा पेशीच्या विभाजनाचा लगाम. पहारेकरी आणि लगाम दोन्ही गेले की एक विलक्षण प्रकार घडू शकतो. कर्करोग आपला प्रकारच बदलतो. लहान पेशींव्यतिरिक्तचा म्हणून ज्याचे निदान झाले होते, तो उपचार चालू असताना लहान पेशींच्या कर्करोगात रूपांतरित होतो. वर उल्लेखिलेल्या पाहणीत तिहेरी दोष असलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांत हे रूपांतर नोंदले गेले. कोरियातील संशोधकांनी २०१७ साली दाखवले होते की, आरबी १ आणि टीपी ५३ दोन्ही पूर्णपणे निकामी असतील तर या रूपांतराची शक्यता चाळीस पटींहून अधिक वाढते. तरीही १८ टक्के म्हणजे शंभरातील १८. उरलेल्या ८२ जणांत हे रूपांतर नोंदले गेले नव्हते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

टीपी ५३ वर थेट काम करणारे, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. मग दुसरे पान वाचून उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. उपयोग आहे तो उपचारांची तीव्रता ठरवण्यापुरता. २०२४ साली १,०७४ रुग्णांच्या ‘मॅरिपोसा’ चाचणीचे निष्कर्ष आले. तीत अॅमिव्हँटमॅब हे शिरेतून द्यायचे औषध आणि लॅझर्टिनिब ही गोळी यांची जोडी केवळ ओसिमर्टिनिबशी ताडून पाहिली होती. आजार आटोक्यात राहण्याचा काळ जोडीवर २३.७ महिने, एकट्या गोळीवर १६.६ महिने. यातील टीपी ५३ चा जोडदोष असलेले रुग्ण वेगळे काढले तेव्हा त्यांच्यात हे आकडे १८.२ आणि १२.९ महिने असे निघाले. टीपी ५३ शाबूत असलेल्यांत ते २२.१ आणि १९.९ महिने होते. या चार आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. जोडदोष असला की दोन्ही उपचारांचा काळ कमी होतो, हे खरे. पण जोडदोष असणाऱ्यांतच दोन उपचारांमधील अंतर पाच महिन्यांहून अधिक आहे. इतरांत ते दोन महिन्यांच्या किंचित वर. म्हणजे ज्यांचा रिपोर्ट प्रतिकूल, त्यांना तीव्र उपचाराचा लाभ तुलनेने अधिक.

ओसिमर्टिनिबला केमोथेरपीची जोड देणाऱ्या ‘फ्लॉरा २’ चाचणीतही एकूण लाभ स्पष्ट दिसला. आजार आटोक्यात राहण्याचा काळ २०२३ साली २५.५ विरुद्ध १६.७ महिने असा प्रसिद्ध झाला. २०२५ साली एकूण आयुर्मानाचे आकडे आले : ४७.५ विरुद्ध ३७.६ महिने. दुष्परिणामांची बाजू मात्र झाकून ठेवता येत नाही. तीव्र दुष्परिणाम ६४ टक्के विरुद्ध २७ टक्के. एक गोळी घेऊन घरकाम, दुकान, नातवंडे सांभाळणारा माणूस आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनसाठी रुग्णालयात जाणारा माणूस, यांच्या जगण्यात मोठे अंतर आहे. सत्तरी ओलांडलेल्या, मूत्रपिंड अशक्त असलेल्या, जोडदोष नसलेल्या रुग्णाने एकट्या गोळीवर राहणे हा भित्रेपणा नव्हे. चाळिशीतील, प्रकृतीने धडधाकट आणि टीपी ५३ चा जोडदोष असलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी केवळ ‘केमो’ या शब्दाच्या धास्तीने जोड उपचार नाकारणे मात्र महागात पडू शकते. या निवडीसाठीच दुसरे पान वाचायचे.

ईजीएफआरच्या पलीकडेही जोडदोषांचे राज्य आहे. केरास या जनुकाचा दोष मुख्यत्वे धूम्रपान करणाऱ्यांत आढळतो. त्यावर औषध निघणेच अशक्य, असे तीन दशके मानले जात होते. त्या प्रथिनाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की औषधाला पकडायला कोपरा मिळेना. २०१३ साली कॅलिफोर्नियातील केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेने ‘जी १२ सी’ या दोषाच्या प्रथिनात एक लहानसा खळगा शोधून काढला आणि २०२१ साली सोटोरासिब बाजारात आले. सुमारे ३७ टक्के रुग्णांना गुण आला. त्यांपैकी १०४ रुग्णांचे जोडदोष तपासले गेले. एसटीके ११ आणि कीप १ दोन्ही शाबूत असलेल्यांत ४२ टक्क्यांना गुण आला होता. केवळ एसटीके ११ बिघडलेल्यांत ५० टक्के, दोन्ही बिघडलेल्यांत २३ टक्के आणि केवळ कीप १ बिघडलेल्यांत १४ टक्के.

हिशेबाची सवय असलेल्याने येथे लगेच विचारावे, की शेवटच्या गटात माणसे किती ? उत्तर : सात. सातांपैकी एकाला गुण आला म्हणून १४ टक्के. आणखी एकाला गुण आला असता तर तोच आकडा २९ झाला असता. टक्केवारी छापताना खालचा भाजक दिसत नाही, म्हणून ती अधिक भारदस्त वाटते. पुढे ४२४ रुग्णांच्या मोठ्या पाहणीने २०२३ साली कीप १ चा प्रतिकूल परिणाम खरा असल्याचे दाखवले, तेव्हा कुठे त्या लहान आकड्याला वजन आले. कीप १ चे काम पेशीची संरक्षक यंत्रणा गरजेपुरती चालू-बंद ठेवणे. ते बिघडले की ती यंत्रणा कायम चालू राहते आणि कर्कपेशी औषधाचा मारा पचवू लागते. एसटीके ११ ची गोष्ट निराळी. केरासबरोबर तो बिघडलेला असेल तर रोगप्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इम्युनोथेरपीचा गुण कमी येतो, असे २०१८ साली दिसून आले. एकच जोडदोष एका उपचाराला आडवा येतो आणि दुसऱ्याला येत नाही.

इम्युनोथेरपीचा विषय निघाला आहे तर एक व्यावहारिक धोका सांगणे अगत्याचे. बायोप्सी झाली की नातेवाईक अधीर होतात, आणि ते समजण्यासारखे आहे. ‘रिपोर्टाला दोन-तीन आठवडे लागणार, तोवर काहीतरी सुरू करा’ असा लकडा डॉक्टरांमागे लागतो. रुग्णाची अवस्था बिकट असेल तर केमोथेरपी सुरू करणे योग्य ठरते. परंतु जनुकीय रिपोर्ट येण्यापूर्वी इम्युनोथेरपी दिली गेली आणि नंतर ईजीएफआर दोष सापडून ओसिमर्टिनिब सुरू करावे लागले, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, हे २०१९ साली नोंदले गेले आहे. ईजीएफआर दोषाच्या कर्करोगात एकट्या इम्युनोथेरपीचा गुण मुळातच कमी. अधीरतेने लाभ नाही आणि हानी मात्र होऊ शकते.

दुसरी अडचण तुकड्याची. सुईने काढलेला गाठीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. एकेक जनुक स्वतंत्रपणे तपासत गेले की तो संपून जातो आणि जोडदोषांपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून अनेक जनुके एकाच वेळी तपासणारी ‘एनजीएस’ चाचणी सुचवली जाते. तुकडा अपुरा असेल तर रक्तातूनही तपासणी होते. मात्र रक्तात दोष सापडला तर तो मानावा, सापडला नाही म्हणून नाहीच असे समजू नये. आपल्याकडे आणखी एक वेळखाऊ वळण आहे. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, खोकला आहे, वजन उतरले आहे, म्हणजे क्षयच, असे गृहीत धरून कफात जंतू सापडलेले नसतानाही महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जातात. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर बायोप्सीचा आग्रह धरण्यात गैर काही नाही.

खर्चाविषयी न बोलता हा विषय पुरा होणार नाही. जेफिटिनिबची भारतीय कंपन्यांनी बनवलेली गोळी सामान्य घराच्या आवाक्यात आहे. ओसिमर्टिनिबची स्थिती तशी नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने त्यावरील मूळ सीमाशुल्क माफ केले आणि त्याच वर्षी वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये अॅमिव्हँटमॅब आणि अलेक्टिनिब यांसह ३३ औषधांवरील हा कर पूर्णपणे काढून टाकण्यात आला. कर गेला म्हणून मूळ किंमत उतरत नाही, हे कोणत्याही व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. म्हणून टाटाच्या २०२० च्या अभ्यासाची आठवण पुन्हा करावीशी वाटते. नवे औषध परवडत नसेल तेव्हा ‘आता काहीच करता येण्याजोगे नाही’ असे समजून घरी बसण्याऐवजी जुनी गोळी आणि केमोथेरपी यांच्या जोडीविषयी तज्ज्ञांना अवश्य विचारावे. दागिने मोडण्यापूर्वी तर नक्कीच.

राहता राहिला प्रश्न आजार उसळल्यानंतरचा. या टप्प्यावर डॉक्टर पुन्हा बायोप्सी सुचवतात आणि बरीच घरे नकार देतात. ‘एकदा सुई टोचली, पुन्हा कशाला त्रास ?’ भावना समजण्याजोगी आहे. परंतु टीपी ५३ आणि आरबी १ चा जोडदोष असलेल्या रुग्णात आजार उसळला असेल तर तो जुनाच आजार आहे की लहान पेशींचा झाला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहिल्याखेरीज खात्रीने कळत नाही. केवळ रक्ततपासणी येथे फसवू शकते. कारण रूपांतरित पेशींतही मूळचा ईजीएफआर दोष तसाच राहतो आणि रिपोर्ट पूर्वीसारखाच दिसतो. उपचार मात्र सर्वस्वी बदलतो : रूपांतर झाले असेल तर प्लॅटिनम आणि इटोपोसाइड यांची केमोथेरपी द्यावी लागते. नव्या तुकड्याची तुलना जुन्याशी केली जाते. म्हणून पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ठोकळा कोणत्या प्रयोगशाळेत ठेवला आहे याची नोंद, आणि त्या वेळचा संपूर्ण रिपोर्ट, दुसऱ्या पानासकट, फाइलीत सर्वांत वर ठेवावा. रुग्णालयात पोहोचताच पहिल्या दिवशी तोच मागितला जातो.